मुंबईच्या टपालाचे बंदर : पुलियाच्या किनाऱ्यावरचे नऊ दिवस

इटलीच्या नकाशाला बुटाची उपमा देतात. त्या बुटाची टाच म्हणजे पुलिया हा प्रांत. टाचेच्या एका अंगाला एड्रियाटिक समुद्र, दुसऱ्या अंगाला आयोनियन, आणि दोन्ही मिळून सुमारे आठशे किलोमीटरचा किनारा. सप्टेंबरच्या अखेरीस मी आणि माझी ताई रोम, फ्लोरेन्स सारे बाजूला ठेवून थेट इथे आलो, त्याला दोन कारणे होती. आम्ही दोघी रत्नागिरीत वाढलेल्या, त्यामुळे सुट्टी म्हणजे समुद्र हे समीकरण लहानपणापासूनचे. दुसरे कारण ताईचे. ती तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवत असे, आणि विलायतेला गेलेल्या जुन्या लोकांच्या प्रवासवर्णनांत पुन्हा पुन्हा येणारे ‘ब्रिंदिसी’ हे बंदर एकदा डोळ्यांनी पाहावे, अशी इच्छा तिने बरीच वर्षे मनात धरली होती.

पहिला दिवस : बारी

विमानतळावरून रेल्वेने शहरात आलो आणि सामान टाकून लगेच जुन्या गावात शिरलो. बारीचे जुने गाव समुद्रात शिरलेल्या जमिनीच्या चिंचोळ्या तुकड्यावर वसले आहे. गल्ल्या इतक्या अरुंद आणि वाकड्या की समुद्र शेजारी असूनही दिसत नाही, फक्त त्याचा वास येतो. एका कमानीखालच्या गल्लीत घरोघरच्या बायका दाराबाहेर लाकडी फळ्या मांडून ओरेक्किएत्ते नावाचा पास्ता वळत बसल्या होत्या. जाड गव्हाचा रवा आणि पाणी एवढ्याच जिन्नसांची ही कणीक. तिची लांब वळी करायची, सुरीने बोराएवढा तुकडा कापायचा, सुरीच्या पात्याने तो फळीवर ओढायचा आणि अंगठ्यावर उलटा करायचा, की कानाच्या पाळीसारखा आकार होतो. ओरेक्किएत्ते म्हणजे छोटे कान. ताई एका आजींच्या शेजारी बराच वेळ उभी राहिली, कारण दिवाळीत शंकरपाळे कापणारा हात आणि हा हात यांची लय सारखीच आहे, असे तिचे म्हणणे होते.

पुढे संत निकोलसचे मोठे देऊळ लागते. या संताच्या अस्थी आजच्या तुर्कस्तानातील मायरा या गावी होत्या. १०८७ साली बारीच्या खलाशांनी त्या जहाजावर घालून इथे आणल्या आणि त्यांच्यासाठी हे देऊळ उभे राहिले. निकोलस हा खलाशांचा रक्षणकर्ता मानला जातो. तळघरातील समाधीपाशी रोमन कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स या दोन्ही पंथांचे यात्रेकरू येतात, आणि आम्ही गेलो तेव्हा डोक्याला रुमाल बांधलेल्या काही स्त्रिया दगडी खांबाला कपाळ टेकवून कितीतरी वेळ उभ्या होत्या. त्या शांततेत आम्हीही मागे भिंतीशी बसलो.

संध्याकाळी समुद्राकाठच्या रस्त्यावर मच्छीमार ऑक्टोपस दगडावर आपटून मऊ करत होते. बारीकर तो कच्चाच खातात. आम्ही टोमॅटो आणि ऑलिव्ह घातलेल्या गरम फोकाच्चावर, म्हणजे तिथल्या चपट्या पावावर, समाधान मानले.

दुसरा दिवस : पोलिन्यानो आणि मोनोपोली

बारीहून रेल्वेने अर्ध्या तासावर पोलिन्यानो आ मारे आहे. चुनखडीच्या उभ्या कड्यावर घरे, कड्याच्या पोटात समुद्राने पोखरलेल्या गुहा, आणि दोन कड्यांमधल्या खाचेत पांढऱ्या गोट्यांचा इवलासा किनारा. या खाचेला तिथे ‘लामा’ म्हणतात. पावसाचे पाणी समुद्राकडे नेणारा उथळ वहाळ, पण वर्षातले बहुतेक दिवस कोरडा. त्यावरून रोमन काळातला त्रायानचा रस्ता जात असे आणि तिथे पूल आजही उभा आहे.

पोहण्याचे कपडे घालूनच आम्ही खाली उतरलो होतो, पण लाटा गोट्यांवर अशा आदळत होत्या की पाण्यात पाय घालण्याचीही सोय नव्हती. आकाश मात्र स्वच्छ निळे आणि ऊन लख्ख. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या घरमालकीणबाईंनी रात्री याचा उलगडा केला. उत्तरेकडून ‘त्रामोन्ताना’ वाहू लागला की एड्रियाटिक खवळतो आणि आयोनियन बाजू शांत राहते; दक्षिणेकडून दमट ‘शिरोक्को’ आला की उलटे. इथल्या माणसाला कोणत्या किनाऱ्यावर जाणार असे विचारले तर तो आधी वारा कुठला आहे ते पाहतो. पुलियात पोहण्यासाठी येणाऱ्याने हे एक सूत्र लक्षात ठेवले तर त्याचे निम्मे दिवस वाचतील. आमच्याकडे भरती-ओहोटी पाहून समुद्रावर जातात. इथे भरती जेमतेम वीतभर चढते, म्हणून ती कोणी विचारातच घेत नाही.

दुपार मोनोपोलीच्या जुन्या बंदरात घालवली. निळ्या रंगाच्या लाकडी होड्या, त्यांच्या काठाला लाल पट्टी, आणि धक्क्यावर जाळी दुरुस्त करणारे दोघे म्हातारे. एक ते चारच्या दरम्यान गावात चिटपाखरू नसते. दुकाने बंद, खिडक्यांच्या झडपा बंद. त्या वेळेत जेवायला निघू नये, हे आम्ही उपाशी राहून शिकलो.

तिसरा दिवस : आल्बेरोबेल्लो, ओस्तुनी

आल्बेरोबेल्लो किनाऱ्यापासून आत आहे आणि गर्दी फार. तिथली ‘त्रुल्ली’ नावाची शंकूसारख्या छपरांची घरे चुन्याशिवाय, नुसते दगडावर दगड रचून बांधलेली आहेत. नेपल्सच्या राजाचा कर चुकवण्यासाठी, अधिकारी आले की पाडता यावीत म्हणून तिथल्या सरदारांनी ती तशी बांधवली, असे सांगतात. १९९६ पासून ती जागतिक वारसा यादीत आहेत. बहुतेक घरांत आता आठवणवस्तूंची दुकाने आहेत. दोन तास पुरे झाले.

ओस्तुनी मात्र मनात राहिले. टेकडीवरचे हे गाव चुन्याने पांढरेफेक केलेले आहे आणि त्याच्या तटावरून पाहिले की खाली आठ किलोमीटरवरच्या समुद्रापर्यंत ऑलिव्हची झाडेच झाडे दिसतात. त्यांत कित्येक झाडे शेकडो वर्षांची आहेत. बुंधे पिळवटलेले, मधून पोकळ, एकाच झाडाचे दोन-तीन पाय झालेले. माती तांबडी, तिच्यात पांढरे दगड. ताईने मातीचे ढेकूळ हातात चुरडले आणि म्हणाली, “अगं, रंग आपलाच, पण हिला पाणी धरता येत नाही.” चुनखडीच्या भेगांतून पाऊस सरळ खाली जातो, म्हणून या सबंध प्रांतात सांगण्यासारखी नदी जवळपास नाहीच. तिचे हे वाक्य पुढचे सहा दिवस पुन्हा पुन्हा आठवत राहिले.

चौथा दिवस : तोर्रे ग्वाचेतो आणि ब्रिंदिसी

सकाळी तोर्रे ग्वाचेतोच्या संरक्षित किनाऱ्यावर गेलो. सोळाव्या शतकातला टेहळणीचा बुरूज, वाळूच्या टेकड्या, मागे बोरूची दलदल. इथला समुद्र १९९१ पासून संरक्षित आहे. वाळूवर सुकलेल्या तपकिरी पातींचे ढीग होते. घाण वाटावी असे दिसतात, पण ते पोसिडोनिया या समुद्री गवताचे आहेत, आणि हिवाळी लाटांपासून किनारा झिजू नये म्हणून ते मुद्दाम जागेवर ठेवले जातात. वारा पडला होता. या सफरीतले पहिले पोहणे इथे झाले. भूमध्य समुद्र आपल्या समुद्रापेक्षा खारट, लिटरला सुमारे अडतीस ग्रॅम मीठ. अंग सैल सोडले की माणूस सहज तरंगतो, आणि पाण्याखाली आपल्या पायांची बोटे मोजता येतात. गढूळ पाण्यात पोहायला शिकलेल्या आम्हा दोघींना त्या स्वच्छपणाची सुरुवातीला थोडी भीतीच वाटली.

दुपारी ब्रिंदिसी. पर्यटकांच्या पुस्तकांत या शहराला बहुधा अर्धे पान मिळते, आणि ते अन्यायाचे आहे. बंदर दोन फाट्यांनी जमिनीत खोल शिरलेले आहे. हरणाच्या शिंगांसारख्या या आकारावरूनच गावाला नाव पडले असे मानतात. रोमहून निघालेला आपियन रस्ता, ज्याचे काम इसवी सनापूर्वी ३१२ साली सुरू झाले, तो इथे येऊन समुद्राला भिडतो. २०२४ साली तो जागतिक वारशात गेला. धक्क्यावरून रुंद पायऱ्या चढून गेले की पूर्वीच्या दोन रोमन स्तंभांपैकी एक उभा दिसतो, आणि दुसऱ्याचा फक्त पाया. पूर्वेहून परतून याच गावी रोमन महाकवी व्हर्जिलने इसवी सनापूर्वी १९ साली देह ठेवला.

पण आम्ही आलो होतो ते टपालासाठी. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला आणि १८७१ मध्ये आल्प्समधला बोगदा. त्यामुळे लंडनचे टपाल फ्रान्स ओलांडून, इटलीच्या किनाऱ्याने रेल्वेने थेट ब्रिंदिसीला येऊ लागले आणि इथे आगबोटीवर चढून सुएझ, एडनमार्गे मुंबईला जाऊ लागले. इटलीत या व्यवस्थेला ‘हिंदुस्थानची थैली’ या अर्थाचे नाव होते. १८७० पासून १९१४ च्या महायुद्धापर्यंत ती चालली. प्रवासीही या वाटेने जात, कारण रेल्वेने आल्यास बोटीच्या वाटेचे कित्येक दिवस वाचत आणि बिस्केच्या उपसागराचा त्रास टळे. या प्रवाशांसाठी बांधलेले भव्य हॉटेल धक्क्यावर अजून उभे आहे. मुंबईच्या कोर्टकचेऱ्या, व्यापारी पेढ्या, विलायतेला शिकणाऱ्या मुलांची वाट पाहणारी घरे, या सगळ्यांचा आठवडा ज्या बोटीच्या दिवसावर चाले, त्या बोटीचा दोर या दगडी खुंट्यांना बांधला जात असेल.

गोलमेज परिषदेहून रिकाम्या हातांनी परतणारे गांधीजीही इथूनच निघाले. १४ डिसेंबर १९३१ रोजी ‘पिल्स्ना’ जहाज ब्रिंदिसीहून सुटले आणि २८ तारखेला मुंबईला लागले. आठवड्याभरात त्यांना अटक झाली. ताई धक्क्यावरच्या बाकावर बसली, आणि मी दोनदा हाक मारली तरी उठली नाही. समोर ग्रीस आणि अल्बानियाला जाणाऱ्या फेरीबोटी उभ्या होत्या. पलीकडच्या काठावर खलाशांचे स्मारक, सुकाणूच्या आकाराचे, त्रेपन्न मीटर उंच. “शाळेत मी नकाशावर बोट ठेवून मुलांना दाखवत असे,” ती म्हणाली, “पण पाणी इतके आत येते हे नकाशावर कळत नाही.”

पाचवा दिवस : लेच्चे

लेच्चेचा दगड मधाच्या रंगाचा आणि इतका मऊ की सुताराने लाकूड कोरावे तसा तो कोरता येतो. म्हणूनच सांता क्रोचे चर्चच्या दर्शनी भिंतीवर फळे, पाने, राक्षस, पशू यांची अशी दाटी आहे. १५४९ मध्ये सुरू झालेले हे काम १६९५ मध्ये संपले. मुख्य चौकात अर्धे उघडे पडलेले रोमन रंगमंडल आणि ब्रिंदिसीच्या दुसऱ्या स्तंभाचे अवशेष वापरून उभारलेला खांब आहे. ऊन कडक होते. बदामाचे दूध आणि बर्फ घातलेली कॉफी तिथे पितात, ती दोनदा प्यालो. इथूनच भाड्याची मोटार घेतली. कागदांवर सही करताना विम्याच्या रकमेत आधी न सांगितलेली भर घातली गेली आणि भाषेच्या अडचणीने आम्ही ती मुकाट्याने भरली; दर आधी लेखी मागून घ्यावा.

सहावा दिवस : ओत्रांतो

या गावासाठी एक संपूर्ण दिवस ठेवला हे बरे झाले. चर्चची सारी जमीन रंगीत दगडी तुकड्यांच्या चित्राने मढवलेली आहे. ११६३ ते ११६५ या काळात पान्तालेओने नावाच्या भिक्षूने ते घडवले. दारापासून वेदीपर्यंत एक प्रचंड वृक्ष पसरला आहे, आणि त्याच्या फांद्यांत नोहाची नौका, बाबेलचा मनोरा, शिकंदर, राजा आर्थर, बारा महिन्यांची शेतीची कामे, काल्पनिक प्राणी असे सगळे जग बसवले आहे. हा वृक्ष उभा आहे दोन हत्तींच्या पाठीवर. आम्ही त्या हत्तींपाशी ओणवून बघत राहिलो. त्या भिक्षूने हत्ती पाहिला होता की नुसता ऐकला होता कोण जाणे, पण जगाचा भार पेलायला त्याला हत्तीच सुचला, हे पाहून गणपतीच्या गावाहून आलेल्या आम्हा दोघींना मोठे आपलेपण वाटले.

त्याच चर्चच्या उजवीकडच्या दालनात काचेआड शेकडो कवट्या रचलेल्या आहेत. १४८० च्या उन्हाळ्यात उस्मानी आरमाराने शहराला वेढा घातला. दोन आठवड्यांनी ते पडले आणि धर्म सोडण्यास नकार देणाऱ्या सुमारे आठशे पुरुषांचा शिरच्छेद झाला. २०१३ साली त्यांना संतपद दिले गेले. बाहेर आल्यावर समुद्र पुन्हा तसाच हिरवानिळा, आणि तटाखाली मुले पाण्यात उड्या मारत होती. ते दोन्ही एकाच नजरेत सामावणे जड गेले.

दुपारी गावाच्या दक्षिणेला बॉक्साइटच्या जुन्या खाणीत गेलो. १९७६ साली ती बंद पडली, आणि खड्ड्यात साठलेले पाणी पाचूसारखे हिरवे झाले. भोवती लालभडक माती. जांभ्याच्या पोटात बॉक्साइट सापडते हे कोकणातल्या माणसाला सांगावे लागत नाही. खाणीच्या काठावर पाय ठेवताच पायताणांना तोच तांबडा रंग चिकटला. मग पालाशियाच्या दीपगृहापर्यंत चालत गेलो. हे इटलीचे पूर्वेकडचे शेवटचे टोक. समोर सत्तरेक किलोमीटरवर अल्बानिया.

सातवा दिवस : लेउकापर्यंत

ओत्रांतोहून दक्षिणेला जाणारा रस्ता कड्याच्या कडेकडेने जातो. सांता चेझारेआ येथे गंधकाचे गरम झरे आहेत, कास्त्रोला समुद्रगुहा, आणि चोलोच्या पुलाखाली कड्यांच्या चिरेत घुसलेले निळेशार पाणी. वारा पुन्हा उत्तरेचा होता, तरी त्या चिरेत निवारा मिळाला आणि आम्ही खडकावरच्या शिडीने पाण्यात उतरलो.

सांता मारिया दि लेउका म्हणजे टाचेचे टोक. उंचावर १८६० च्या दशकात बांधलेले सत्तेचाळीस मीटरचे दीपगृह आणि ‘जमिनीच्या अंताची माता’ या नावाचे देऊळ. पण मला तिथे सगळ्यात मोठे वाटले ते पाण्याचे काम. ताईने ज्याबद्दल ओस्तुनीत हळहळ व्यक्त केली होती, त्या कोरड्या प्रांताला पाणी देण्यासाठी १९०६ मध्ये कालव्याचे काम सुरू झाले. शेजारच्या काम्पानिया प्रांतातल्या सेले नदीचे पाणी डोंगर पोखरून इकडे वळवले गेले. १९१५ मध्ये ते बारीला पोहोचले आणि १९३९ मध्ये इथे, लेउकाला, जिथे पायऱ्यापायऱ्यांचा कृत्रिम धबधबा बांधून त्याचा शेवट केला आहे. धबधबा एरवी कोरडाच असतो. वर्षातून मोजक्या वेळी सोडतात. तीन पिढ्यांपूर्वीपर्यंत इथल्या माणसाचे पाणी म्हणजे छपरावरून हौदात उतरलेला पाऊस. टँकरची वाट पाहणारी गावे आम्ही पाहिली आहेत, म्हणून त्या रिकाम्या पायऱ्यांपुढे आम्ही दीपगृहापेक्षा अधिक वेळ थांबलो.

आठवा दिवस : गाल्लिपोली

आयोनियन बाजू वेगळी आहे. कडे संपतात, वाळू सुरू होते, पाणी लांबवर उथळ. गावाच्या दक्षिणेला पाइनच्या झाडीमागे किनारा आहे. छत्र्या आणि खुर्च्या भाड्याने देणाऱ्यांनी बराच भाग व्यापला असला तरी पाण्यालगतची पाच मीटर पट्टी कायद्याने सर्वांना चालायला मोकळी आहे, आणि मधून मधून फुकटचे किनारेही आहेत. उत्तरेचा वारा असल्याने समुद्र तळ्यासारखा होता. घरमालकीणबाईंचे सूत्र खरे ठरले. सकाळ सगळी पाण्यात गेली.

जुने गाव बेटावर आहे आणि पुलाने जमिनीला जोडले आहे. इथल्या खडकाखाली तेलाचे घाणे आहेत. गाल्लिपोलीचे ऑलिव्ह तेल खाण्यासाठी नव्हे, दिव्यांसाठी जात असे. लंडन आणि सेंट पीटर्सबर्गचे दिवे या तेलावर जळत. ऊब राहिली तर तेल सुटे वाहते, म्हणून घाणे जमिनीखाली. मजूर हिवाळाभर तिथेच जनावरांच्या सोबतीने राहत. त्यांच्या मुकादमाला ‘नाकिरो’ म्हणत, म्हणजे तांडेल. उन्हाळ्यात समुद्रावर जाणारे खलाशीच हिवाळ्यात खडकाच्या पोटात उतरत, आणि बोटीवरची हुद्द्यांची नावे बरोबर नेत.

आज त्या तेलाच्या झाडांची काय अवस्था आहे, ते गावाबाहेर पडताच दिसते. २०१३ मध्ये याच परिसरात झायलेला हा जिवाणू सापडला. फेसात राहणारा एक छोटा किडा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो आणि झाडाच्या आतली पाण्याची वाट बंद होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मैलोन्मैल राखी सांगाडे उभे आहेत. ओस्तुनीला पाहिलेले ते हिरवे पठार डोळ्यांपुढे आले आणि मोटारीत कोणी बोलले नाही. काही शेतांत रोगाला तोंड देणाऱ्या नव्या जातींची रोपे, गुडघ्याएवढी, ओळीने लावलेली होती.

नववा दिवस : तारांतो

बारीला परतण्यापूर्वी तारांतोला थांबलो. हे बंदर सुंदर म्हणून कोणी दाखवत नाही. पोलाद कारखान्याच्या धुराड्यांनी क्षितिज व्यापले आहे, आणि त्या धुराने शहराने फार सोसले आहे. तरी फिरत्या पुलापलीकडचा छोटा समुद्र पाहावा. चुनखडीत जिरलेले गोडे पाणी इथे समुद्राच्या तळातून झऱ्यांनी वर येते, आणि त्यामुळे इथल्या काळ्या शिंपल्यांची चव वेगळी लागते. ताईला तिच्या हरवलेल्या पाण्याचा पत्ता शेवटच्या दिवशी लागला.

मला मात्र मोठ्या समुद्राकडचा कठडा पाहायचा होता. सप्टेंबर १९४३ मध्ये आठवी हिंदी डिव्हिजन मध्यपूर्वेतून येऊन या बंदरात उतरली. तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती. इथून ती एड्रियाटिकच्या अंगाने उत्तरेला लढत गेली, आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर तिच्यातल्या शिपाई नामदेव जाधवांनी गोळीबारात दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांतून उचलून आणले, मग एकट्याने तीन मशीनगनच्या चौक्या उडवल्या आणि बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना करत बाकीच्यांना पुढे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

“सप्टेंबरात उतरले म्हणजे पुढे पाऊसच लागला असेल त्यांना,” ताई म्हणाली. लागला होता. नोव्हेंबरात सांग्रो नदीला पूर आला, पूल वाहून गेले, चिखलात गाड्या रुतल्या. मी वाचले होते तेवढे तिला सांगत राहिले, आणि दिवे लागेपर्यंत आम्ही त्या कठड्यावरून उठलो नाही.